राखीव जवाईबापू

आमच्या गावाच्या फुटबॉल संघाने आजवर एकच खेळाडू बाहेरून आणला, आणि त्याच्यासाठी गावाला आपली पोरगी द्यावी लागली. मोठे क्लब करारमदार करतात, पत्रकार बोलावतात, नव्या गड्याच्या हातात शर्ट देऊन फोटो काढतात. आम्ही मांडव घातला, अक्षता टाकल्या आणि पंगतीत जिलेबी वाढली. एवढं करून आणलेला तो खेळाडू पुढे दोन हंगाम मैदानाच्या बाहेर बसून राहिला. यात त्याच्या खेळाचा काही दोष नव्हता. दोष आमच्या संस्कारांचा होता, आणि ते आमच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्तच आहेत.

त्यांचं नाव सांगत नाही, कारण गावात ते कोणी कधी घेतलंच नाही. लग्नपत्रिकेवर छापलेलं होतं म्हणतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ते साऱ्या गावाचे जवाईबापू झाले. बायको रीत म्हणून नाव घेत नसे, सासरे मान म्हणून घेत नसत, आणि बाकीचे आम्ही त्या दोघांचं पाहून घेत नव्हतो. स्पर्धेच्या वेळी लाउडस्पीकरवरून खेळाडू पुकारले जात, तेव्हा सगळ्यांची नावं आडनावासकट यायची आणि शेवटी "तसेच आपल्या गावचे लाडके जवाईबापू" असं यायचं. आता ते रायपूरकडच्या एका राइस मिलमध्ये असतात. पण आजही पारावर फुटबॉलचा विषय निघाला, की गोल मारणाऱ्यांच्या आधी आठवण त्यांचीच निघते.

मी त्या संघाचा दुसरा गोलकीपर. आमचा पहिला गोलकीपर कधी आजारी पडला नाही आणि त्याच्या सोयऱ्यांपैकी कोणी सामन्याच्या दिवशी लग्नही काढलं नाही. त्यामुळे बाहेर बसण्याचा माझा अनुभव तालुक्यात सर्वांत दांडगा आहे. जवाईबापूंना इतक्या जवळून पाहायला मिळालं ते याच पदामुळे.

आमचं गाव गोंदियाजवळ, नागऱ्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. गावाला लागून बोडी आहे, आमच्या आज्यापणज्यांनी धानाला पाणी मिळावं म्हणून खणलेली, आणि तिच्या मातीच्या पाळीखाली आमचं मैदान. बोडी खणताना त्यांनी फुटबॉलचा काही विचार केलेला दिसत नाही, कारण डावीकडे जोरात मारलेला प्रत्येक बॉल पाण्यात जातो. संघातल्या निम्म्या पोट्ट्यांना पोहता येतं ते त्यामुळे.

जवाईबापू मूळचे कामठीचे. कामठीत पोरगं चालण्याआधी लाथ मारायला शिकतं, असं तेच सांगत, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असे की आपण गोंदियाकडची माणसं रांगण्यातच म्हातारी होतो. व्यवसायाने मिलचे फिटर. कुडव्याच्या एका राइस मिलमध्ये काम लागलं म्हणून तिकडून इकडे आले, आणि काम लागलं म्हणून लग्नाचं पाहायला लागले. आमच्या क्लबचे अध्यक्ष म्हणजे त्यांचे होणारे सासरे. धानाची बरी शेती, दोन पोरी, मुलगा नाही, आणि त्या मुलाची हौस क्लबवर भागवलेली. पोरगा पाहायला गेले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, गोत्र विचारलं नाही. फक्त विचारलं, "कोन्या बाजूनं खेळता?" उत्तर आलं, "लेफ्ट विंग." अध्यक्ष घरी आले आणि बायकोला म्हणाले, "पोराले शेती नाही, पन डावा पाय आहे."

"उजवा नाही का?" असं बायकोने घाबरून विचारलं होतं म्हणतात.

पोरीला कोणी काही विचारलं नाही. पुढे ती स्वतःच सांगायची, "माह्या बाबानं मले जवाई नाही पाहिला. लेफ्ट विंग पाहिला." बाई तिखट होती. तिचं पुढे येईलच.

आता माणूस कसा होता ते सांगतो. सडपातळ, काळा, डोक्याला पुढून टक्कल, वय तिशीच्या वर गेलेलं. डाव्या पायाचा त्यांना इतका अभिमान की देवळातसुद्धा पहिला तोच टाकायचे, पुजाऱ्याने टोकलं तर म्हणायचे, "मानसाले पाय दोन असते महाराज, पन अक्कल एकाच पायात असते." खेळायचे बूट ते उशीच्या अभ्र्यात घालून आणत. अभ्रा फुलाफुलांचा, त्यावर "गोड स्वप्ने" असं भरतकाम. ते बूट त्यांनी सामन्यांना दोन हंगाम नुसते घातले आणि काढले, तरी रोज तेल लावून पुसत. रस्त्याने सरळ चालणं त्यांना ठाऊक नव्हतं. विटेचा तुकडा असो, आंब्याची कोय असो, नारळाची करवंटी असो, ती पायाने घोळवत घोळवतच हा माणूस बाजारातून घरी पोहोचायचा. एकदा भाजीवालीच्या ढिगातून घरंगळलेलं वांगं त्यांनी पायाच्या चवड्यावर झेलून परत ढिगावर ठेवलं. भाजीवालीने ते वांगं विकायला नकार दिला आणि जवाईबापूंना भेट म्हणून देऊन टाकलं. आमच्याकडे त्यांनी काहीही केलं तरी शेवट असाच व्हायचा.

कुडव्याला खोली घेऊन राहायचे आणि रोज संध्याकाळी बायकोला गाडीवर मागे बसवून गावात यायचे. हीच त्यांची चूक झाली. सासऱ्याच्या घरी कायमचे राहिले असते तर घरजवाई झाले असते, आणि घरजवायाला आमच्याकडे कुत्रंही विचारत नाही. सुखाने पहिल्या अकरात खेळले असते. पण ते रोज बाहेरून यायचे, म्हणजे रोजच पाहुणे असायचे. रोजच्या रोज पाय धुवायला पाणी, रोजच्या रोज चहा, आणि वडीलधारी माणसं रोजच्या रोज पाया पडायला पुढे. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ ग्रह निदान लांब तरी असतात.

पहिल्या दिवशीचा सराव मला अजून आठवतो. जवाईबापूंनी बॉल घेतला आणि डावीकडून सुटले. समोर आमचा स्टॉपर होता. तो मिलमध्ये पोती वाहणारा गडी, त्याच्या अंगावर आदळून भल्याभल्यांनी खेळ सोडलेला. जवाईबापू आले तसा तो बाजूला झाला, हात जोडले आणि म्हणाला, "या जी, इकडून या. तिकडं गड्डा आहे."

जवाईबापू थांबले. "अरे भाऊ, अडवा ना मले!"

"तुमाले कसं अडवू जी? पाप लागंल ना."

"मी का देवाची पालखी आहो?"

स्टॉपरने यावर खरोखर विचार केला आणि म्हणाला, "जवळजवळ."

दुसरी अडचण पायांची. आपला पाय दुसऱ्याला लागला की आपण हात लावून नमस्कार करतो, ही काही वाईट रीत नाही. पण फुटबॉलमध्ये पायाला पाय लागणं हाच खेळ, आणि जवाईबापूंच्या पायाला ज्याचा पाय लागेल तो गडी तिथल्या तिथे थांबून, वाकून, त्यांच्या बुटाला हात लावून कपाळाला लावायचा. तेवढ्यात बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असे. एका संध्याकाळी त्यांच्याभोवती तिघेजण एकदम वाकले होते. पाळीवरून जाणाऱ्या एका म्हातारीला वाटलं कोणी महाराज आलेत, तीही खाली उतरून पाया पडून गेली.

आमचा कप्तान म्हणजे त्यांचा चुलत साळा. वयाने लहान, स्वभावाने तापट, आणि गावातल्या कोणाचीही आईबहीण काढायला मागेपुढे न पाहणारा. संघ तोच निवडायचा. बाकीच्यांशी तो जे बोलायचा ते छापता येत नाही. जवाईबापूंशी बोलताना मात्र त्याचा आवाज मंगलाष्टकं म्हणत असल्यासारखा व्हायचा. त्यांनी चुकीचा पास दिला तरी "छान, जवाईबापू, छान." आणि सामन्याचा दिवस आला की, "जवाईबापू, आज ऊन लय आहे जी. तुमी सावलीत बसा. पुढच्या मॅचले पाहू." हिवाळ्यात ऊन नसलं तर दव असायचं, दव नसलं तर मैदान टणक असायचं. हवामान खात्याने इतका बारीक विचार कधी केला नसेल.

खरं कारण सासरे त्यांच्या माघारी सांगायचे. फार वर्षांपूर्वी आमच्या गावात एका जावयाला हौसेने कबड्डीत उतरवलं होतं आणि त्याचे समोरचे दात पडले होते. जावयाच्या गावचे लोक म्हणाले, दात नसलेला पोरगा आम्ही तुम्हाला दिला नव्हता. ते प्रकरण मिटेपर्यंत आमच्या गावच्या पोरींना स्थळं येईनात. अजूनही भांडण निघालं की आजूबाजूचे आम्हाला "दातपाडे" म्हणतात. "कामठीवाले का म्हनतील?" सासरे म्हणायचे. "यायनं चांगला जवाई नेला आन मोडून वापस देला." स्वतः हौसेने आणलेला डावा पाय असा त्यांनीच कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्या सावलीतल्या दिवसांबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. मैदानाच्या कडेला मोहाचं झाड आहे. तिथे जवाईबापूंसाठी हातांची खुर्ची यायची, पाठीला टॉवेल यायचा, मग पोहे, मग चहा, मग पान. मी जमिनीवर त्यांच्या शेजारी. एक बशी पोहे संपले की दुसरी यायची, ती ते माझ्याकडे सरकवायचे. माझ्या बाहेर बसण्याच्या कारकिर्दीतला तो सुवर्णकाळ. पूर्ण कपडे, मोजे, बूट घालून हा माणूस खुर्चीवर बसायचा, आणि बॉल डावीकडे आला की त्यांचा डावा पाय आपोआप हलायचा. कधीकधी चहाची बशी उडायची.

एका स्पर्धेत तर कहर झाला. आमचा संघ उपांत्य फेरीत हरला, आणि बक्षीस वाटायला जो पुढारी येणार होता तो आला नाही. मग संयोजकांनी मंचावर कोणाला बोलवावं? जवाईबापूंना. संघाचे कपडे घातलेले, गळ्यात हार, हातात ट्रॉफी, आणि समोर "उत्कृष्ट खेळाडू" म्हणून एक कोवळा लेफ्ट विंगर. जवाईबापूंनी त्याला बक्षीस दिलं, पाठ थोपटली आणि लाउडस्पीकर चालू आहे हे विसरून विचारलं, "तुह्या गावात तुही सासुरवाडी नाही ना बाबू?" पोरगा नाही म्हणाला. "मंग खेळ," ते म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत.

आपली इज्जत कमी करून घ्यायचे प्रयत्नही त्यांनी करून पाहिले. रोवणीच्या दिवसांत ते सुट्टी काढून सासऱ्याच्या बांधीत उतरले. गुडघाभर चिखलात मजुरांबरोबर धानाची रोपं लावू लागले. विचार असा की चिखलाने माखलेल्या माणसाला कोण मान देतो? सासऱ्यांनी शेताच्या कडेला, धुऱ्यावर एक माणूस छत्री घेऊन उभा केला. जवाईबापू बांधीत पुढे सरकतील तसा छत्रीवाला धुऱ्यावरून पुढे सरकायचा. मग त्यांनी शेजारच्या गावाकडून खेळून पाहायचं ठरवलं. गेले तर तिथला कप्तान निघाला त्यांच्या सासूच्या मावसबहिणीचा मुलगा. तिथेही खुर्ची आली. आमच्या भागात सोयरिक नाही असं गाव शोधायचं तर मध्य प्रदेशाची हद्द ओलांडावी लागते, आणि हद्दीपलीकडेही माझी एक आत्या दिलेली आहे.

थट्टा करतो आहे, पण मला त्या माणसाची मनापासून कीव यायची. मी बाहेर बसायचो कारण माझ्यापेक्षा चांगला गडी आत होता. त्यात लाज नाही. ते बाहेर बसायचे आणि का, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं. नुसतं छान छान. एकदा पोहे तसेच ठेवून ते मला म्हणाले, "भाऊ, पाय काही लोणचं नाही, ठेवला तं मुरंल. अजून दोनेक वर्सं धावतीन हे. तवापर्यंत एक डाव पहिल्या अकरात खेळाचं आहे मले. माह्या खेळावर. बस, तेवढंच." मी म्हटलं, होईल. मी त्या वेळी तोंडात पोहे असल्यामुळे जास्त बोललो नाही.

घरी त्यांचं काय चाललं होतं ते त्यांच्या बायकोकडून कळायचं. खोलीतले कांदे-बटाटे भिंतीवर आपटून नरम झालेले असायचे. झोपेत लाथा. जेवताना मध्येच हात थांबवून म्हणायचे, "त्या बॉलवर मी असतो तं..." बाई वैतागली होती, आणि आमच्यापेक्षा तिला एक गोष्ट जास्त कळली होती. ती म्हणजे आमच्या गावात कारणं सांगून काही मिळत नाही, रीत सांगून मिळतं.

भाऊबीजेला कप्तान तिच्या खोलीवर ओवाळून घ्यायला गेला. मला सोबत नेलं, कारण तिच्यासमोर एकट्याने जायची त्याची हिंमत नव्हती. जवाईबापू मिलमध्ये होते. तिने पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. कप्तानाने साडीची पिशवी पाटाजवळ ठेवली. तिने ताट खाली ठेवलंच नाही.

"साडी नोको मले," ती म्हणाली.

"मंग का पाहिजे ताई?"

"मंडईच्या मॅचमधी यायले पहिल्या अकरात खेळव. हेच माही ओवाळनी."

कप्तान माझ्याकडे पाहायला लागला. मी दिव्याकडे पाहायला लागलो. "ताई, काही मोडलं-बिडलं तं?"

"मोडलं तं माह्याच घरी येईल ना मोडून? तुह्या घरी तं नाही आणून टाकत? बोल लवकर, दिवा इझून राहिला."

ओवाळणी नाकारली तर भाऊ कसला? कप्तान तिथेच हो म्हणाला. परत जाताना वाटेत तो एवढंच म्हणाला, "बाईच्या हाती दिवा होता म्हनून, नाही तं..." पुढचं त्याने गिळलं.

बाईने ही बातमी नवऱ्याला कौतुकाने सांगितली, आणि जवाईबापूंचं तोंड पडलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर आले ते बूट न काढता अभ्रा मांडीवर घेऊन बसले. "बायकोच्या ओवाळनीत आलो मी संघात," ते मला म्हणाले. "साडीच्या बदल्यात."

"मंग नाही म्हना कप्तानले," मी म्हटलं.

ते अभ्र्यातून बूट काढायला लागले. "नाही कायले म्हनू बे? अकरात तं आहो."

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्री दंडारीचं नाटक होतं, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. आमच्या गावची मंडई म्हणजे फुटबॉलची स्पर्धाही, आणि पहिलं बक्षीस बोकड. तो बोकड हार घालून मंचाजवळ बांधलेला असतो, आणि साऱ्या मैदानात सामन्याच्या निकालाबद्दल बेफिकीर असा तो एकटाच असतो, कारण कोणीही जिंकलं तरी त्याचं व्हायचं तेच होणार. त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात होतो. समोर चोरखमाऱ्याकडच्या एका गावाचा संघ. दांडगे गडी, पायात पाय घालून पाडण्यात हातखंडा. पण कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की ते गाव जवाईबापूंच्या बायकोचं आजोळ. तिथे ते नुसते जवाई नव्हते, भाचजवाई होते. म्हणजे मान दुप्पट.

जवाईबापू खेळायला उतरले. लाउडस्पीकरवाल्याने टाळ्या वाजवायला सांगितल्या. सासरे मंचावर हात जोडून बसले होते, देवाला की समोरच्या संघाला ते कळत नव्हतं. पहिला अर्धा वेळ त्यांच्याकडे बॉलच आला नाही. आमचे गडी त्यांना त्रास नको म्हणून उजवीकडूनच खेळत होते. ते डावीकडे वर-खाली धावत राहिले, हात वर करून. बोडीच्या पाळीवर बसलेल्या बायकांत त्यांची बायको होती. ती कप्तानाकडे पाहत होती.

दुसऱ्या अर्ध्यात गोल कोणाचाच नव्हता, वेळ संपत आली होती, आणि एक बॉल कोणाच्या तरी डोक्यावर लागून आपणहून त्यांच्या पायात आला. आणि मग आम्ही पाहिलं. खरं सांगतो, असा डावा पाय मी त्यानंतर पाहिला नाही. एकाला आत घेऊन बाहेरून काढला, दुसऱ्याच्या दोन पायांमधून बॉल घातला, आणि सगळी मंडई उभी राहिली. समोर चोरखमाऱ्याकडचा स्टॉपर उरला. गळ्यात ताईत, मांड्या खांबासारख्या, तोवर आमच्या दोघांना लंगडं करून बाहेर पाठवलेला. तो नात्याने बायकोचा मामा लागत होता. जवाईबापू त्याच्या अंगावर गेले. तो बाजूला सरला, वाकला आणि म्हणाला, "या जी, भाचजवाई."

गोलकीपर त्याचाच मुलगा. त्याने बापाकडे पाहिलं आणि तोही खांबाला जाऊन टेकला.

गोल सताड उघडा. बॉल त्यांच्या पायाखाली, रेषेपासून दोन हातांवर. नुसतं फुंकलं असतं तरी आत गेला असता. मैदानात एवढी शांतता झाली की बोकड चारा खात होता ते ऐकू येत होतं. जवाईबापूंनी बॉलवर पाय ठेवला. हात जोडून उभ्या मामाकडे पाहिलं, खांबाला टेकलेल्या पोराकडे पाहिलं. मग वळले, आणि डाव्या पायाने अशी काही लाथ घातली की बॉल पाळीवरच्या बायकांच्या डोक्यावरून जाऊन बोडीच्या मधोमध पडला.

"आणि जवाईबापूंनी," लाउडस्पीकर म्हणाला, आणि पुढे त्यालाही काही सुचेना.

कप्तान अर्ध्या मैदानावरून धावत आला. येता येताच सुरू झाला. काय काय म्हणाला ते लिहिण्याची सोय नाही. त्यात गाढव होतं, कामठी होती, कामठीचं पाणी होतं आणि पाणी पिणाऱ्यांच्या सात पिढ्या होत्या. "हाताचा गोल फेकला बे! बोकड तुहा बाप आणून देईल का?" आणि त्याने जवाईबापूंची कॉलर धरली आणि दोन्ही हातांनी असं ढकललं की ते पाठीवर पडले, धुळीत.

मंचावर सासरे उभे राहिले. पाळीवर बायका उभ्या राहिल्या. साळ्याने जवायाला पाडलं, तेही मंडईत, साऱ्या सोयऱ्यांसमोर. आता या गावाच्या पोरींचं कसं होणार, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कप्तानाच्याही लक्षात आलं, त्याचे हात तसेच हवेत राहिले.

जवाईबापू उठले. पाठ झटकली नाही. "असा फुकटचा गोल मी नाही मारत," ते कप्तानाला म्हणाले, मामाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बॉल काढा आन खेळा."

बॉल काढायला दोघे पोहत गेले. पुन्हा खेळ सुरू झाला, आणि लगेच जवाईबापूंकडे बॉल आला. या वेळी मामाने विचार केला असावा, की यांच्या घरचेच यांना धुळीत पाडतात तर आपण एकट्याने पुण्य कशाला साठवायचं? त्याने पाय घातला. जवाईबापू हवेत उडाले आणि कोपरावर पडले. कोणी वाकलं नाही, कोणी नमस्कार केला नाही. ते उठले ते हसतच. मला वाटतं, आमच्या गावात त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

इथे त्यांनी गोल मारून आम्हाला जिंकून दिलं, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण दोन हंगाम खुर्चीवर पोहे खाल्लेला माणूस. दम संपला, पाय वळेनात, उरलेल्या वेळात त्यांनी मिळालेला प्रत्येक बॉल हरवला, आणि त्यातल्याच एका बॉलवर समोरच्यांनी गोल केला. बोकड चोरखमाऱ्याकडे गेला. संध्याकाळी सासऱ्यांनी कप्तानाला कान धरून आणलं, जवाईबापूंच्या पायांवर घातलं. जवाईबापूंनी पाय मागे घेतले, "राहू दे," म्हणाले आणि बायकोला गाडीवर बसवून निघून गेले. गावाने त्या रात्री ठरवून टाकलं की आता हे तोंड दाखवत नाहीत. सासरे जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी दुसऱ्या एका गावी सामना होता. गाडी लावून, फुलाफुलांचा अभ्रा काखेत मारून जवाईबापू सगळ्यांच्या आधी हजर. कपडे करून, बूट बांधून उभे. सासरे पंचांशी बोलत होते ते बोलणं सोडून आले. कप्तानाने अकरा जणांची नावं घेतली. त्यात ते नव्हते. एक क्षण सगळे ऊन किती आहे ते पाहायला लागले.

कप्तान त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मान खाली होती, ती त्याने वर केली.

"भाऊजी, तुमी आज बाहेर. मंडईत तुमचा पाय जड चालून राहिला होता. बॉल गेल्यावर मागं येतच नव्हते तुमी. तो गोल तुमच्याच बाजूनं झाला."

"हळू बोल रे," सासरे दटावत म्हणाले.

"जड होता?" जवाईबापूंनी विचारलं.

"लय जड. आधी पंधरा दिस धावा. मंग पाहू."

"आन गोलसमोर सेंटर कसे टाकले मी?"

"सेंटरचं तं विचारूच नोका."

जवाईबापू येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसले. सामना सुरू झाला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर ते रडत होते, चांगले हुंदके देऊन. बाहेर बसणाऱ्याची समजूत काढण्याचा मला सराव आहे, म्हणून मी म्हटलं, मनावर घेऊ नका, त्याचं तोंडच तसं आहे. त्यांनी जर्सीच्या बाहीने डोळे पुसले.

"अरे नाही बे," ते म्हणाले. "कामठी सुटल्यापासून आज पहिल्यांदा कोनी माह्या खेळाबद्दल बोललं."